सोयाबीनची दाटी आणि घरच्या बियाण्याची उगवण : एका एकराच्या नोंदी, खरीप २०२४

२६ मे २०२४

यंदा एक एकर फक्त बियाण्यासाठी राखून ठेवलं आहे. परभणी जिल्हा, काळी भारी जमीन, निचरा बेताचा. वाण एमएयूएस १५८, पायाभूत बियाणं (ज्यापासून पुढे प्रमाणित बियाणं तयार करतात) कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून आणलं.

घरचं सोयाबीन मे महिन्यात तपासलं की उगवण साठ-पासष्टवर अडकते. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के लागते. गावात याचं खापर एक तर मळणी यंत्रावर फुटतं, नाही तर परतीच्या पावसावर. दोन्हींचा वाटा आहेच, पण माझा संशय पेरणीच्या दाटीवर आहे. दाट पेरलं तर उतारा किती आला हे सगळे मोजतात. त्याच दाण्याचं पुढच्या जूनमध्ये काय होतं, हे कुणी दाटीशी जोडून पाहत नाही.

एकराचे दहा-दहा गुंठ्यांचे चार पट्टे पाडले. दोन तासांतलं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळींतलं, अंतर सगळीकडे ४५ सेंमी. बदल फक्त तासातल्या झाडांच्या अंतरात.

पट्टा १ : गावची रीत, एकरी ३५ किलो.
पट्टा २ : ४५ × ५ सेंमी, म्हणजे नेहमीची शिफारस.
पट्टा ३ : ४५ × ७.५ सेंमी.
पट्टा ४ : ४५ × १० सेंमी, हाताने टोकण.

४ जून

पिशवीतलं बियाणं ओल्या गोणपाटात तपासलं. शंभर-शंभर दाण्यांच्या चार ओळी, सरासरी ८० कोंब. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम.

आता हिशेब, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. एकरात ४५ × ५ ने सुमारे १ लाख ८० हजार झाडं बसतात, ४५ × ७.५ ने १ लाख २० हजार आणि ४५ × १० ने ९० हजार. एकरी ३० किलोचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, तो इथूनच जुळतो: १२ ग्रॅमचा दाणा धरला तर ३० किलोत अडीच लाख दाणे, त्यातले ७० टक्के उगवले की पावणेदोन लाख झाडं. म्हणजे ३० किलो हे जेमतेम उगवणाऱ्या बियाण्याचं माप आहे. ८० टक्के उगवणीला पट्टा २ साठी २७ किलो पुरतात, पट्टा ३ साठी १८ आणि पट्टा ४ साठी साडेतेरा. गावच्या रीतीने ३५ किलो टाकले तर एकरात २ लाख ३० हजारांच्या वर झाडं होतात. तितकी कुणालाच नको असतात.

१२ जून

पेरणी यंत्र बसवायला सकाळ गेली. डब्यावरच्या खुणांवर विसंबून राहण्यात अर्थ नाही, दाण्याच्या आकाराप्रमाणे त्या बदलतात. यंत्र उचलून चाक मोकळं केलं, प्रत्येक नळीला प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि दहा मीटर तासाएवढे फेरे हाताने फिरवून पडलेलं बी तोललं. ४५ सेंमीच्या तासात दहा मीटरला ३९ ग्रॅम पडले की एकरी ३५ किलो होतात, ३० ग्रॅमला २७ किलो, २० ग्रॅमला १८ किलो. हे तीन आकडे चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवून टाका.

एका नळीतून बाकीच्यांच्या निम्मंच बी पडत होतं. आत मागच्या हंगामातली खताची ढेप घट्ट बसली होती. ती फोडून नळी धुतली. हे तपासलं नसतं तर प्रत्येक पट्ट्यात एक तास विरळ निघाला असता आणि तुलना तिथेच संपली असती.

१८ जून

शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, वाफसाही चांगला. बुरशीनाशक आधी लावून बियाणं सावलीत सुकवलं, रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं पेरणीच्या सकाळी. शेजाऱ्याच्या सोयाबीनपासून तीन मीटरची पट्टी मोकळी सोडली. बियाण्याच्या प्लॉटला तेवढं अंतर लागतं.

पहिले तीन पट्टे यंत्राने दुपारपर्यंत उरकले. टोकणीला मात्र आठ बायका दिवसभर लागल्या, ३०० रुपये रोजाने २,४०० रुपये, तेही फक्त दहा गुंठ्यांना. दोरीला दहा-दहा सेंमीवर गाठी मारून दिल्या होत्या. सरावाने काम पुढे वेगात होत असेल, पण पहिल्यांदा टोकणारी मंडळी असतील तर हाच खर्च धरून चाला.

२८ जून

मीटरपट्टी घेऊन झाडं मोजली. एका मीटर तासात पट्टा १ मध्ये २६, पट्टा २ मध्ये २०, पट्टा ३ मध्ये १३ आणि पट्टा ४ मध्ये १० झाडं अपेक्षित होती. पहिले दोन पट्टे जवळपास बरोबर. चौथा सगळ्यात एकसारखा.

पट्टा ३ चा घोळ झाला. सरासरी १२ आली, पण एका मीटरमध्ये १९ आणि पुढच्या मीटरमध्ये ६. यंत्राला झाडं कळत नाहीत, किलो कळतात. सोडत कमी केली की बी एकसारखं न पडता गठ्ठ्याने पडतं. त्यात शेवटच्या दोन तासांवर फण खोल जावा म्हणून दगड ठेवला होता, तिथे बी दोन इंचांवर गेलं. सोयाबीनला दीड इंच खूप झालं. त्या दोन तासांत निम्मे कोंब वर आलेच नाहीत.

१ जुलै

पट्टा ३ मधल्या गठ्ठ्यांची विरळणी केली. दोन बायका, एक दिवस. खोल गेलेल्या दोन तासांत नांगे भरले, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावलं. बाबा म्हणाले, "मागून लावलेलं मागंच राहतंय, बियाण्यात नको घेऊ ते." त्या दोन तासांच्या टोकांना बांबू रोवून ठेवले आहेत, कापणीला ओळखता यावेत म्हणून.

२० जुलै

दोन कोळपण्या झाल्या. पट्टा १ ची पानं एकमेकांत मिसळली, माती दिसत नाही, तणही नाही. दाट पेरणीचा हा फायदा खराच आहे. पट्टा ४ मध्ये अजून ऊन जमिनीवर पडतं आणि तण जोरात आहे. तिथे जादा खुरपणी, ९०० रुपये.

खोडमाशीसाठी काही झाडं चिरून पाहिली. दाट पट्ट्यात खोड पेन्सिलीएवढंही नाही आणि उंची गुडघ्याच्या वर गेली. विरळ पट्ट्यात खोड अंगठ्याएवढं आणि बुडापासूनच फांद्या.

५ ऑगस्ट

फुलोऱ्यात भेसळ काढली. फुलाचा रंग, पानाचा आकार किंवा उंची वेगळी दिसेल ते झाड मुळासकट उपटायचं. पट्टा ३ आणि ४ मध्ये तासांतून चालता येतं, झाड बुडापर्यंत दिसतं. पट्टा १ मध्ये आत शिरलं की फांद्या मोडतात, आणि खालच्या थरात वेगळं झाड दडलं असेल तर दिसतही नाही. वाणाची शुद्धता हाही बियाण्याचा दर्जाच आहे, आणि दाटी तिथेही आडवी येते.

४ सप्टेंबर

१ आणि २ तारखेच्या पावसाने मराठवाडाभर हाहाकार केला. आमच्या शेतातून पाणी वाहिलं नाही, पण साचलं. शेंगा भरत आल्या होत्या.

पट्टा १ अर्ध्याहून जास्त आडवा झाला. पट्टा २ मध्ये सखल कोपरा लोळला, बाकी उभा. पट्टा ३ थोडा कलला आणि ऊन पडल्यावर सावरला. पट्टा ४ जागचा हलला नाही.

११ सप्टेंबर

सकाळी नऊ वाजता लोळलेलं पीक हाताने उचलून पाहिलं. वरून पानं कोरडी, आत हात घातला तर मनगटापर्यंत ओला. खालची पानं पिवळी होऊन शेंगांना चिकटलेली. शेंग सोलली तर एका दाण्यावर पांढरी बुरशी, दुसरा फुगून मऊ झालेला. खोडावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या सरळ रांगा. शेंगा आणि खोडाच्या करप्याची ती खूण, आणि हीच बुरशी दाण्यात शिरून उगवण मारते. पट्टा ३ मध्ये त्याच वेळी बुडाशी हात घातला, पानं कोरडी होती.

माझ्या मते कळ इथे आहे. झाड दाट लावलं म्हणून दाणा आपोआप वाईट होत नाही. खोड बारीक राहतं, म्हणून झाड लोळतं, लोळलं की आत वारा फिरत नाही आणि दव दुपारपर्यंत टिकतं. पावसाळा कोरडा गेला असता तर पट्टा १ चं बियाणं कदाचित चाललंही असतं.

विरळ पट्ट्याचीही एक अडचण दिसली. बुडापासून फुटलेल्या फांद्या शेंगांच्या ओझ्याने खाली आल्या आणि सगळ्यात खालच्या शेंगा जमिनीपासून दोन बोटांवर लोंबत आहेत. पावसाने उडालेला चिखल त्यांच्यावर वाळून बसला आहे. दाट पट्ट्यात पहिली शेंग चांगली वीतभर वर आहे.

२२ सप्टेंबर

पट्टा २ आणि ३ ची पानं गळली, शेंगा तपकिरी. पट्टा ४ मध्ये मुख्य खोडाच्या शेंगा वाजतात आणि फांद्यांच्या टोकाच्या अजून पिवळट-हिरव्या. नांगे भरलेल्या दोन तासांत तर पानंही हिरवीच. बाबांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं.

पट्टा ४ साठी थांबायचं की नाही, हा पेच आहे. सोयाबीनच्या दाण्यात सगळ्यात जास्त जोम तो पूर्ण भरून पिवळा पडतो तेव्हा असतो, त्या वेळी त्यात निम्म्याहून जास्त ओल असते. तिथून पुढे कापणीपर्यंत बी शेतातच साठवलेलं असतं, आणि शेतासारखं वाईट गोदाम नाही. भिजून-सुकून टरफल सैल पडतं, सुरकुततं. फांद्यांच्या शेंगा पिकायची वाट पाहिली तर खोडावरच्या शेंगा बिघडणार. आत्ता कापलं तर हिरवे दाणे मिसळणार.

२८ सप्टेंबर

मधल्या चार दिवसांत पुन्हा पाऊस. पट्टा ४ साठी थांबण्याचा निर्णय महागात पडला.

आज उघडीप. कापणीआधी प्रत्येक पट्ट्यातून दहा-दहा झाडं उपटून आणली. पट्टा १ ची उभी वेगळी, लोळलेली वेगळी. पट्टा ४ च्या शेंगा खोडावरच्या आणि फांद्यांवरच्या अशा निराळ्या. सगळ्या हाताने सोलून सावलीत सुकवल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. यंत्रातून निघालेलं बी तेवढं तपासलं तर शेतात काय बिघडलं आणि मळणीत काय बिघडलं हे वेगळं करता येत नाही. मग वर्षानुवर्षं मळणी यंत्राला दोष देत बसावं लागतं.

१ ऑक्टोबर

कापणी. बांबूच्या खुणांमधले दोन तास आणि पट्टा १ चा लोळलेला भाग बियाण्यातून बाद, त्यांची वेगळी गंजी. बाकी चार गंज्या उंच धुऱ्यावर, वर ताडपत्री, दुपारी उघडायची. ओलं सोयाबीन झाकून ठेवलं तर आतून गरम होतं आणि उगवण तिथेच जाते.

७ ऑक्टोबर

मळणी. यंत्रवाल्या भावांना आधीच सांगून ठेवलं होतं की पुली बदलून मिनिटाला फेरे ४०० च्या आसपास आणायचे. त्यांना वेळेचं नुकसान होतं, म्हणून कट्ट्यामागे जादा पैसे ठरवले. ओल १४ टक्क्यांच्या खाली. मोजणीचं यंत्र नसेल तर दाणा दातांखाली धरा, चेपला तर ओला, कट्कन फुटला तर फार वाळलेला. फार वाळलेला दाणाही यंत्रात फुटतो.

पट्टा ४ ने इथे त्रास दिला. जाड खोडं यंत्रात अडकत होती, दोनदा थांबवून काढावी लागली. मग वेग वाढवावाच लागला.

वजन, दहा गुंठ्यांचं: पट्टा १ दोन क्विंटल दहा किलो (बाद केलेला भाग धरून), पट्टा २ दोन क्विंटल चाळीस, पट्टा ३ दोन क्विंटल तीस (बाद तास धरून), पट्टा ४ एक क्विंटल नव्वद. नुसत्या उताऱ्याच्या हिशेबाने शिफारशीचं ४५ × ५ पुढे आहे. मोंढ्यात विकायचं असेल तर मी तेच पेरीन.

१९ ऑक्टोबर

उगवण चाचणीचे आकडे. प्रत्येक नमुन्याचे चारशे दाणे, आठव्या दिवशी मोजणी. सरळ, धड मूळ-कोंब असलेलीच रोपं धरली, वाकडी आणि तुटकी बाद.

हाताने सोललेलं:
पट्टा १ उभं ७५, लोळलेलं ४९.
पट्टा २ : ८२.
पट्टा ३ : ८९.
पट्टा ४ खोडावरचं ८६, फांद्यांवरचं ७१.

यंत्रातून निघालेलं:
पट्टा १ उभं ६९.
पट्टा २ : ७७.
पट्टा ३ : ८३.
पट्टा ४ : ६८.

शेवटचा आकडा पाहून मी पुन्हा चाचणी लावली, तोच आला. सगळ्यात टपोरं बियाणं पट्टा ४ चं, शंभर दाण्यांना १३ ग्रॅम, दाट पट्ट्याचं ११. दिसायला एक नंबर. मग कपड्यांचं ब्लीच पन्नास पट पाण्यात पातळ करून त्यात चारही पट्ट्यांचे शंभर-शंभर दाणे दहा-पंधरा मिनिटं ठेवले. ज्यांच्या टरफलाला चीर असते ते दाणे पाणी पिऊन लगेच दुप्पट फुगतात, साल सुटून वर येते. पट्टा ४ च्या ताटलीत फुगलेले दाणे पट्टा ३ च्या दुपटीहून जास्त होते. मोठा दाणा ड्रममध्ये जोरात आदळतो, आणि या पट्ट्याला वेगही वाढवून दिलेला. त्यात फांद्यांवरचे कच्चे हिरवट दाणे. म्हणजे पट्टा ४ चं नुकसान निम्मं शेतात झालं, निम्मं यंत्रात. हाताने सोललेला नमुना नसता तर हे कळलंच नसतं.

२ नोव्हेंबर

चाळणी आणि हातनिवड. पट्टा १ मधून सगळ्यात जास्त बाद माल निघाला: बारीक, सुरकुतलेला, जांभळ्या डागांचा. पट्टा ३ मधून सगळ्यात कमी.

पट्टा १ चा सगळा माल आणि इतर पट्ट्यांतलं बाद मोंढ्यात घातलं. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता, मोंढ्यात चार हजारांच्या थोडं वर मिळाले.  पुढच्या चाचण्यांसाठी प्रत्येक पट्ट्याचं पाच-पाच किलो मागे ठेवलं.

साठवण: सुतळी पोती, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर लांब, चारच्या वर थप्पी नाही, त्या खोलीत खताचं एकही पोतं नाही. हमालाला पोतं आपटू दिलं नाही. फूटभर उंचीवरून फरशीवर आपटलेल्या पोत्यातही टरफलं तडकतात.

२२ मे २०२५

सात महिन्यांनी पुन्हा चाचणी. पट्टा १ : ५४. पट्टा २ : ७०. पट्टा ३ : ७९. पट्टा ४ : ५७.

ऑक्टोबरमध्ये पट्टा २ आणि ३ मध्ये ६ टक्क्यांचा फरक होता, तो आता ९ झाला. पट्टा १ तर १५ ने खाली आला. बुरशी आणि ओलीने दुखावलेलं बी कापणीला उगवतं, पण उन्हाळा काढत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या चाचणीवर बियाणं विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी मे महिन्यात एकदा तरी गोणपाट ओलं करावं.

९ जून २०२५

यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळला, खोलीत दमट वास. पोती उन्हात नाही, सावलीत पसरून वारा दिला आणि पुन्हा चाचणी लावली. पट्टा ३ : ७७. पट्टा २ : ६६, म्हणजे ७० टक्क्यांच्या अटीच्या खाली गेलं. ते पेरणार नाही.

यंदाचा बियाण्याचा प्लॉट ४५ × ७.५ ने, पण नेहमीच्या यंत्राने नाही. तालुक्यातून रुंद वरंबा-सरीचं टोकण यंत्र भाड्याने ठरवलं आहे. त्याची तबकडी दाणे एकेक सोडते, म्हणजे गठ्ठे आणि विरळणीची मजुरी टळेल, आणि सरीतून पाणी निघून जाईल. उगवण ७७ आणि शंभर दाण्यांचं वजन साडेबारा ग्रॅम धरून एकरी साडेएकोणीस किलो लागतील. नांगे भरायचे नाहीत, रिकामी जागा रिकामीच ठेवायची.

शेजारच्या मुरमाड तुकड्यात मात्र ४५ × ५ च ठेवतोय. तिथे झाड वाढतच नाही, लोळायचा प्रश्न नाही, आणि विरळ ठेवलं तर तण खाऊन टाकतं. पेरणी जुलैवर गेली तरीही मी ४५ × ५ वरच येईन, कारण उशिरा पेरलेलं झाड बुटकं राहतं. त्या तुकड्याचा नमुनाही यंदा हाताने सोलून वेगळा ठेवणार आहे.

मळणीसाठी यंत्रवाल्या भावांशी आत्ताच बोलून ठेवलं आहे: बियाण्याचा प्लॉट सकाळी दहाच्या आत, हलक्या वेगाने, आणि आधीच्या शेतातला माल पूर्ण झाडून काढल्यावरच.